‘क’ला ‘-ईल’ समजू नका

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा शिकायला घेतलीत, छान. आता माझी फजिती ऐका. पहिल्या धड्यात वाक्य होतं, ‘क हाएरे आउ आपोपो’, उद्या मी जाईन. मी वहीत लिहून टाकलं: क म्हणजे भविष्यकाळ. महिन्याभराने ऑकलंडच्या संध्याकाळच्या वर्गात माउई या माओरी पुराणकथांतल्या वीराच्या मासेमारीची गोष्ट आली. मी अख्खी गोष्ट भविष्यकाळात सांगितली: माउई गळ टाकेल, मासा ओढेल, त्या माशाचं न्यूझीलंडचं उत्तरेकडचं बेट होईल. बाई शांतपणे म्हणाल्या, “बेट वर येऊन बराच काळ झाला. आपण त्याच्यावरच बसलोय.”

‘क’ काळ सांगतच नाही. ‘आता पुढचं घडतंय’ एवढंच सांगतो. कधीचं, ते ‘आपोपो’सारखे शब्द किंवा आजूबाजूची वाक्यं सांगतात. एकट्या ‘क’वरून काळ ठरवलात की फसलात. पुन्हा सांगतो, फसलात.

खरी मेख ‘किआ’त आहे. ‘तो अजून आला नाही’ असं म्हणायला मी ‘काओरे इआ इ ताए माइ’ लिहायचो. त्याचा अर्थ, तो आलाच नाही! हवं होतं ‘काओरे आनो इआ किआ ताए माइ’. जे व्हायचंय, व्हावंसं वाटतंय, ते ‘किआ’च्या ताब्यात. नमस्कारासारखं दिवसभर म्हणतो त्या ‘किआ ओरा’तला ‘किआ’ तोच. घाबरू नका, आपल्याकडे ‘यायचाय’ आहेच की. आणि ‘किआ ताए माइ इआ, क काइ तातोउ’ म्हणजे ‘तो आला की आपण जेवू’. बघा, न आलेल्याला आपणही ‘आला’च म्हणतो. ‘तातोउ’ आणि ‘मातोउ’ हा आपण-आम्हीचा फरकही आपल्याला फुकटात मिळतो. इंग्रजीवाल्यांना तिथेच घाम फुटतो.

भूत-वर्तमान-भविष्य असे तीन रकाने काढून देणारे तक्ते मात्र फाडून टाका. माझं एक वर्ष त्यांनीच खाल्लं.

काळ क्रियापदाबाहेरही लपतो. ‘नाकु इ तुनु’, मी शिजवलं. ‘माकु ए तुनु’, मी शिजवीन. आपल्या एका ‘कधी’ला तिथे दोन शब्द: पुढच्यासाठी ‘आहेआ’, झालेल्यासाठी ‘नोनाहेआ’. शेजारणीला मी विचारलं, तुझा भाऊ कधी येणार, पण तोंडातून निघालं ‘नोनाहेआ’. ती म्हणाली, ‘इ ते तूरेइ’. येणारा मंगळवार असता तर ‘आ ते तूरेइ’ म्हणाली असती. मी फक्त ‘तूरेइ’ ऐकलं आणि मंगळवारी चौघांचा स्वयंपाक करून बसलो. भाऊ आदल्याच आठवड्यात येऊन परत गेला होता.