जर्मनीत मास्टर्स संपवताय? करिअर सर्व्हिसमध्ये आत्ताच जा

दरवर्षी गणपतीत आरती झाली की प्रसाद घेताघेता कुणीतरी विचारतंच, "ताई, माझं मास्टर्स संपत आलंय, नोकरीचं कसं करू?" मी उलट विचारते, "युनिव्हर्सिटीच्या करिअर सर्व्हिसमध्ये जाऊन आलास का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. स्टुटगार्टमध्ये मला बारा वर्षं झाली, तरी हे ऐकून अजून जीव हळहळतो. इथे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. ती भरायची आणि विद्यापीठात असलेली मदत मात्र मागायचीच नाही, असं होऊ देऊ नका.

आपल्या डोक्यात प्लेसमेंट सेल असतो. कंपन्या कॉलेजात येणार, अ‍ॅप्टिट्यूड होणार, संध्याकाळी यादी लागणार. इथे तसं काही नाही. करिअर सर्व्हिस नोकरी लावून देत नाही. ती तुमच्यासमोर बसून तुमचा अर्ज ओळ न् ओळ वाचते, मुलाखतीची तालीम करून घेते, कार्यशाळा आणि कंपन्यांचे मेळावे भरवते. "मग उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांना मी माझी एक गोष्ट सांगते.

शिकताना मी एका कंपनीत वेर्कश्टुडेंट होते, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करत होते. काम संपल्यावर त्यांनी आर्बाइट्सत्सॉयग्निस दिलं, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र. वाचून मी खूश झाले, कारण त्यात लिहिलं होतं की माझं काम समाधानकारक होतं. करिअर सर्व्हिसमधल्या बाईंनी ते वाचलं, पेन्सिल उचलली आणि त्या वाक्याभोवती गोल काढला. म्हणाल्या, "इथे 'श्टेट्स' नाही, 'फोल्स्टन'ही नाही." इथल्या प्रशस्तिपत्रांची भाषा ठरलेली असते. 'श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे नेहमीच आणि पुरेपूर समाधान, असं असेल तर काम उत्तम. नुसतं 'समाधान' असेल तर वाचणारा समजतो, जेमतेम. माझं काम जेमतेम नव्हतं. त्यांनी दुरुस्तीचं विनंतीपत्र कसं लिहायचं ते शिकवलं आणि तीन आठवड्यांनी नवीन पत्र आलं. प्रशस्तिपत्र मागणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे, तेव्हा संकोच करू नका. ते जुनं पत्र तसंच जोडत राहिले असते, तर मला नकार का येतायत हे कधी कळलंच नसतं.

आता वेळेचं. थीसिसची नोंदणी कराल त्याच आठवड्यात पहिली भेट ठरवा, निकालाची वाट पाहू नका. निकाल लागला की एकामागून एक गोष्टी सुटत जातात: विद्यार्थी म्हणून असलेला स्वस्त आरोग्य विमा, वेर्कश्टुडेंटची नोकरी, एक्समाट्रिकुलेशननंतर, म्हणजे विद्यापीठातून नाव कमी झाल्यावर, विद्यापीठाचा ईमेल. माजी विद्यार्थ्यांना करिअर सर्व्हिस किती काळ दार उघडं ठेवते, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं. तुमच्या इथे काय नियम आहे ते मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. त्या काळात कुठलंही काम करता येतं, पण ही मुदत वाढत नाही. म्हणून पोटापाण्यासाठी हॉटेलात किंवा गोदामात काम धरलंत, तरी आठवड्याचे दोन दिवस अर्जांसाठी राखाच. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना, त्याला पगाराची अट असते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, तर गेल्या तीन वर्षांत पदवी मिळालेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो. आकडा दर जानेवारीत बदलतो. पगाराचं बोलणं करण्याआधी चालू वर्षाचा आकडा बघून घ्या.

अर्जात आपली मुलं एक चूक हमखास करतात. बायोडेटात '८.२ सीजीपीए' लिहितात. इथे १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. भारतातले गुण जर्मन पद्धतीत बदलून लिहा आणि शेजारी मूळ गुणही द्या. तारखा महिन्यासकट हव्यात, मधे रिकामी जागा नको. सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडा.

भाषेबद्दल थोडक्यात सांगते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये केलेलं जर्मन इथे आल्यावर सोडून देऊ नका. इंग्रजीत चालणाऱ्या टीममध्येही जेवणाच्या टेबलावर जर्मनच बोललं जातं.

माजी विद्यार्थ्यांना लिहायला आपल्याला लाज वाटते, वशिला लावल्यासारखं वाटतं. हा वशिला नाही. फक्त पहिल्याच निरोपात "माझं काहीतरी बघा ना" असं लिहू नका. मी काय शिकले, तुमच्या विभागात नेमकं काय काम चालतं, पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का, एवढंच लिहा. मला असे निरोप येतात आणि मी शक्य तितक्यांना उत्तर देते. नुसता बायोडेटा जोडून पाठवणाऱ्यांना काय सांगावं तेच कळत नाही.

सरकारी रोजगार कार्यालय, म्हणजे आगेंटुअर फ्युअर आर्बाइट, फक्त बेकारांसाठी आहे असं समजू नका. तिथेही विद्यार्थी आणि नव्या पदवीधरांना मोफत सल्ला मिळतो.

करिअर सर्व्हिसच्या पहिल्या भेटीला जाताना तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या नोकरीची एक जाहिरात छापून न्या आणि तिच्यासाठी लिहिलेला अर्जही न्या, कच्चा असला तरी चालेल. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याला मदत करणं त्यांना अवघड जातं. आणि येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशीच मेल करून कळवा, म्हणजे ती वेळ रांगेतल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.