मुंबईत मेंढपाळी जातीची पिल्लं वाढवताना: जोडी जमवण्यापासून नव्या घरी पाठवण्यापर्यंत

बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी ही सगळी मेंढरं हाकण्यासाठी घडवलेली कुत्री. आपल्या धनगराचा कुत्रा राखणदार असतो. कळपासोबत राहतो आणि लांडगा आला की त्याच्या अंगावर जातो. कॉलीचं काम निराळं. जे हलतं त्यावर नजर रोखायची, त्याला वळसा घालायचा, कळपातून फुटू पाहील त्याला परत वळवायचं. कान असे तयार, की माळाच्या पलीकडची शीळसुद्धा टिपतील. असे डोळे आणि असे कान घेऊन हा जीव अंधेरीत किंवा लालबागमध्ये राहायला येतो, जिथे दिवसभर काहीतरी पळत असतं आणि वाजत असतं. तो इथे सुखाने राहील की आयुष्यभर घाबरून भुंकत राहील, हे बरंचसं पहिल्या आठ आठवड्यांत ठरतं. त्या काळात पिल्लू अजून नव्या मालकाकडे गेलेलंच नसतं. ते ब्रीडरकडे असतं, म्हणजे ही जबाबदारी ब्रीडरची.

पायरी १: आधी घरं, मग जोडी

चार-पाच तरी भरवशाची घरं आधी तयार नसतील तर पिल्लं काढू नका. मोठ्या जातीच्या कुत्रीला आठ-नऊ पिल्लं सहज होतात, आणि तीन महिन्यांची सहा शेफर्ड पिल्लं टू-बीएचकेमध्ये नीट सांभाळणं कुणालाच जमत नाही.

कायदाही समजून घ्या. श्वान प्रजननाबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी १८ महिन्यांपेक्षा लहान किंवा ८ वर्षांपेक्षा मोठी चालत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. माझ्या मते १८ महिनेही लवकरच. दोन वर्षांआधी नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे पक्का निकाल देत नाही, त्यामुळे तोवर थांबणंच शहाणपणाचं.

पायरी २: जोडी पाहताना

चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद वंशावळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. शेफर्डमध्ये नितंब आणि कोपराचे सांधे तपासा. कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये डोळ्यांची तपासणी आणि एमडीआर-१ ची जनुकीय चाचणी करा. या जनुकात दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त मात्रेत दिलं तर जिवावर बेतू शकतं, आणि आपल्याकडे गोचिडांसाठी हे इंजेक्शन सर्रास टोचलं जातं. मर्ल रंगाच्या, म्हणजे फिक्या अंगावर गडद ठिगळं असलेल्या, नर-मादीची जोडी कधीही जमवू नका. त्यातल्या सरासरी एक चतुर्थांश पिल्लांना तो रंग दोन्हीकडून मिळतो, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघण्याचा धोका फार मोठा असतो. रंगाला जास्त भाव मिळतो म्हणून हे करणाऱ्यांकडून पिल्लू घेऊही नका.

आता स्वभाव. नराचा फोटो आणि बक्षिसं बघून समाधान मानू नका, त्याच्या घरी जा. दाराची बेल वाजल्यावर तो काय करतो? अनोळखी माणूस शेजारी बसला की किती वेळात सैल होतो? दिवाळीत कुठे असतो, हे घरातल्या मुलांना विचारा; मुलं खरं सांगतात. आवाजाची भीती या जातींमध्ये रक्तातून उतरते. पलंगाखाली थरथरणारी आई असेल तर तुमची पुढची सगळी मेहनत निम्म्यावर येते, कारण पिल्लं तिच्याकडे बघूनही शिकतात.

पायरी ३: वेळ साधणं

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. कधी माजावर यावी हे आपल्या हातात नाही, पण कोणता माज सोडायचा हे आहे. जमलं तर पिल्लं नोव्हेंबरच्या मध्यानंतर जन्मतील असा हिशोब करा, म्हणजे गणपती आणि दिवाळी दोन्ही मागे पडलेले असतात. मुंबईतला त्यातल्या त्यात थंड काळ मिळतो, आणि पावसाळ्यातली ओल, गोचिडं आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका टळतो.

पायरी ४: गाभण काळ आणि वीण

सोनोग्राफी चौथ्या आठवड्यात करा आणि ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या. गाभण कुत्रीला कॅल्शियमच्या गोळ्या घालायची आपल्याकडे हौस असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. बाहेरून सतत कॅल्शियम मिळालं की शरीर हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि दूध सुरू झाल्यावर तिला झटके येऊ शकतात.

शेवटच्या आठवड्यात रोज ताप बघा. तापमान ३७.२ अंशांच्या खाली गेलं की बहुतेक वेळा २४ तासांत वीण सुरू होते. घरातली सर्वात शांत, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली खोली तिला द्या. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, किंवा आत पिल्लं असताना दोन तास काहीच झालं नाही, तर वाट बघू नका. रात्री उघडा असणारा दवाखाना आणि तिथे नेणारी गाडी आधीच ठरवून ठेवा.

पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, गेलाच पाहिजे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी २९ ते ३२ अंश ऊब लागते, म्हणून त्या खोलीतला एसी बंद ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. दहा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. एक दिवस वजन घटलं तरी डॉक्टरांना फोन करा. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्या.

पायरी ५: तिसरा ते आठवा आठवडा

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, त्यानंतर काही दिवसांत कान. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे शांतपणे अनुभवतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. यातला मोठा भाग तुमच्या घरातच जातो.

पिल्लांना आता घराच्या मधोमध आणा. कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही, भांड्यांचा आवाज कानावर पडू द्या. फटाके आणि ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग जेवणाच्या वेळी अगदी हलक्या आवाजात लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी जरा वाढवा. एखादं पिल्लू खायचं थांबलं तर आवाज जास्त झाला, मागे या. सवय व्हावी म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीत पिल्लू घेऊन उभं राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याने सवय होत नाही, भीती कायमची बसते.

ताट जमिनीवर टाकून बघा, पण दूरवर. पिल्लू दचकणारच. किती दचकलं याला महत्त्व नाही. किती वेळात सावरून ताटाजवळ वास घ्यायला आलं, हे लिहून ठेवा. घर निवडताना ही नोंद फार उपयोगी पडते.

गुळगुळीत टाइल्सवर पिल्लं पाय फाकून घसरतात आणि वाढत्या सांध्यांवर ताण येतो. रबरी मॅट, जुनी गोधडी, गोणपाट अंथरा. जाळी, वाळू, कुंडीतली माती असे वेगवेगळे पृष्ठभागही पायाखाली येऊ द्या.

सहाव्या आठवड्यानंतर पहिली लस झाली की एकेकाला कडेवर घेऊन खाली जा. जमिनीवर ठेवू नका, पार्वो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेतून सुटलेली मुलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मांडीत घेऊन दहा मिनिटं बसलात तरी पुष्कळ. सोबत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेवा. एका दिवशी एक-दोन नव्या गोष्टी पुरेत, मग झोप.

आता या जातींची खास गोष्ट. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखादं पिल्लू झाडूकडे दबा धरून बघायला लागतं, मग झडप घालतं. घरात सगळे हसतात, व्हिडिओ काढतात. कृपा करून हे थांबवा. झाडूमागचं हे वेडच पुढे स्कूटरच्या चाकाकडे आणि पळणाऱ्या मुलांच्या टाचांकडे वळतं. पिल्लाला ओरडू नका. केर काढणाऱ्या मावशींना दोन मिनिटं थांबायला सांगा, पिल्लाचं लक्ष दोरीच्या खेळण्याकडे वळवा, आणि झाडू हलत असताना ते तुमच्याकडे बघेल तेव्हा खाऊ द्या. हलणारी वस्तू दिसली की माणसाकडे बघायचं, हा धडा रोज थोडा-थोडा पक्का करा.

पायरी ६: कोणतं पिल्लू कुणाकडे

ग्राहकाला रंग बघून पिल्लू निवडू देऊ नका, निवड तुम्ही करा. नजर रोखणारं, न दमणारं पिल्लू रोज दोन तास देणाऱ्या, काही शिकवायची आवड असणाऱ्या माणसाकडे जावं. लवकर सावरणारं, मऊ स्वभावाचं पिल्लू लहान मुलांच्या घरी. दिवसभर कुलूप लावलेल्या घरी एकही नाही, पैसे कितीही मिळोत.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर मायक्रोचिप, लसीकरणाचं पुस्तक, आईवडिलांच्या तपासण्यांच्या प्रती, चालू खाणं आठवडाभर पुरेल इतकं आणि आईचा वास असलेलं फडकं सोबत द्या. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान बसलेली भीती खोल राहते, म्हणून पहिले पंधरा दिवस पाहुण्यांची रांग नको, हे नव्या घरी स्पष्ट सांगा. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, आणि महापालिकेचा परवाना काढायचा, हेही लिहून द्या. शिवाय करारात एक ओळ असूच द्या: कुठल्याही कारणाने, कुठल्याही वयात कुत्रा सांभाळता आला नाही तर तो रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या हाती न देता तुमच्याकडेच परत येईल.