गोळी सुटत नाही तेव्हा : मोकळ्या रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

एनसीसीच्या माझ्या पहिल्या कॅम्पात फायरिंगचा दिवस उजाडला, तेव्हा मी नाश्त्याच्या ताटाला हातही लावला नव्हता. अकरावीत होते. डोंगराच्या पायथ्याशी रेंज, 25 मीटरवर टार्गेटं, जमिनीवर अंथरलेली ग्राउंडशीट आणि हातात पॉइंट टू टूची (.22 बोअरची, बारीक गोळीची) बोल्टवाली, म्हणजे मागचा दांडा ओढून काडतूस भरायची, रायफल. पहिल्या दोन गोळ्या डोळे मिटूनच सुटल्या. तिसऱ्यांदा ट्रिगर दाबला आणि नुसतंच ‘टक्’ वाजलं. काय करायचं ते सुचेना. मी मान वळवून म्हणाले, “उस्ताद, ही सुटलीच नाही.”

मान वळली तसा खांदा वळला, आणि खांद्याबरोबर नळीही. डावीकडे हातभर अंतरावर माझी मैत्रीण झोपून नेम धरत होती.

आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांचा तळवा वरून नळीवर आला. त्यांनी ती टार्गेटच्या दिशेला वळवली आणि तिथेच दाबून धरली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “नाक सामने, बेटा. जो बोलना है, सामने देख के बोलो.”

त्यानंतर मी बरीच वर्षं नेमबाजी केली. आता सुटीच्या दिवशी एका मोकळ्या रेंजवर नव्या लोकांना मदत करते, आणि घाबरत घाबरत आलेल्या प्रत्येकाला आधी हाच प्रसंग सांगते. आपल्याला वाटतं की आपण आवाजाला घाबरतोय, धक्क्याला घाबरतोय. पॉइंट टू टूला धक्का जवळजवळ नसतोच, आणि आवाजाला कान झाकता येतात. धोका असतो तो अनपेक्षित काही घडल्यावर आपलं शरीर आपल्याला न विचारता जे करतं, त्यात. कुणी हाक मारली, मानेवर मुंगी चढली, शेजारच्याच्या रायफलीतून उडालेलं गरम खोकं (काडतुसाचं रिकामं कवच) मनगटावर पडलं, गोळी सुटली नाही, की माणूस वळतो. घाबरलेला माणूस जरा जास्तच चटकन वळतो. म्हणून मी नव्या माणसाला नेम शिकवायच्या आधी न वळणं शिकवते.

पहिल्या दिवशी शस्त्राला हात लावायची घाई करू नका. शक्य असेल तर एक सकाळ नुसतं मागे बसून बघा. तुम्हाला भीती वाटते हे रेंजवरच्या प्रशिक्षकाला सरळ सांगा. चांगला प्रशिक्षक हे ऐकून तुम्हाला कडेची लेन देतो, स्वतः शेजारी थांबतो आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) न भरता एकेकच राउंड, म्हणजे काडतूस, हातात देतो. ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून कुणी उडवून लावलं, तर त्या दिवशी परत या. हे मी अगदी मनापासून सांगते. घाई करणाऱ्या माणसाच्या हाताखाली पहिली गोळी मारू नये.

कपड्यांचं थोडक्यात. गळ्याबरोबर बसणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट, बांधलेले केस, पुढे झाप असलेली टोपी. ओढणी, सैल गळा, लोंबणारी माळ नको, कारण उडालेलं गरम खोकं नेमकं गळ्यातून आत जातं आणि माणूस हातातलं सगळं विसरून झटकायला लागतो. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

कानांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. पुष्कळ जण कापसाचे बोळे कोंबतात. त्यांनी आवाज फारसा अडत नाही. पॉइंट टू टूचा आवाज बारीक वाटला तरी तो 140 डेसिबलच्या आसपास जातो, आणि कानाचं नुकसान दुखल्याशिवायही होतं. फोमचे प्लग आणा. बोटांत वळून वातीसारखे बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. त्यावरून पूर्ण कान झाकणारं मफ घातलं तर आणखी चांगलं. आवाज दबला की निम्मी भीती तिथेच कमी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पण कान झाकल्यावर हुकूमही दबतात, म्हणून प्रशिक्षकाच्या हाताच्या खुणा आधी समजून घ्या.

मोकळ्या रेंजला छत नसतं आणि चहूबाजूंनी भिंती नसतात. टार्गेटांमागे मातीचा उंच बांध असतो, त्याला बट म्हणतात. गोळी अडवायचं काम तो करतो. नळी वर गेली तर पॉइंट टू टूची एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून ‘नळी आकाशाकडे असली की सुरक्षित’ हा समज मोकळ्या रेंजवर चालत नाही. दिशा एकच, बटकडे. आपल्याकडे पावसाळा संपला की बटची माती धुपून दगड उघडे पडतात. शिशाची गोळी दगडावर आपटली की कुठल्या कुठे उडते. रेंज चालवणारे लोक माती टाकून हे दुरुस्त करतात, पण तुम्हाला टार्गेटामागे दगड दिसला तर सांगायला संकोच करू नका.

लाल झेंडा वर असेल तेव्हा फायरिंग पॉइंटच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, टार्गेट बदलायला नाही, पडलेली टोपी उचलायला नाही. आणि गुरं. गावाजवळच्या रेंजवर शेळ्या शिरतात, त्यांच्यामागे पोरं धावत येतात. पुढे हालचाल दिसली की पहिल्याच दिवशी आलेल्या माणसानंही मोठ्यानं ‘स्टॉप’ ओरडायचं. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नसते. उगाच ओरडलात असं निघालं तरी चालेल.

आता शस्त्र. रायफल हातात घेतली की आधी बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बघा, करंगळी घालून चाचपा. देणाऱ्यानं तुमच्यासमोर बघितलेलं असलं तरी तुम्ही पुन्हा बघा. यात अविश्वास नाही, रेंजवर सगळेच असं करतात. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, दस्त्यावर सरळ ठेवा, आणि नेम टार्गेटवर स्थिर झाल्यावरच आत न्या. सेफ्टी कॅचच्या भरवशावर यातलं काहीच सोडू नका, तो खटका बिघडू शकतो.

फायरिंग चालू नसेल तेव्हा चेंबरमध्ये भडक रंगाचा प्लास्टिकचा सेफ्टी फ्लॅग घालतात. तो दुरूनही दिसला की शस्त्र रिकामं आहे हे सगळ्यांना कळतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या स्पर्धेचं) कांस्य जिंकलं. त्यानंतर आमच्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांची रीघ लागली. त्या मुलांना मी सांगते, स्वप्नीललासुद्धा हा फ्लॅग लावावाच लागतो. तो मारतो त्या टार्गेटवरचा दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा असतो. पहिल्या दिवशी तुमचा त्या गोलाशी संबंध नाही. गोळी तुम्ही ठरवाल तेव्हा सुटली आणि बटमध्ये गेली, एवढंच बघायचं.

खऱ्या गोळीआधी निदान दहा-पंधरा वेळा कोरडा, म्हणजे गोळीशिवायचा, सराव मागा. पॉइंट टू टूची फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी खीळ) रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते, म्हणून आत डमी राउंड घालून देतात. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा. आमचे उस्ताद याला ‘शिस्त लेना’ म्हणायचे. लष्करी हिंदीत शिस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच. वागण्याच्या शिस्तीचा अर्थ आपल्याला आज जवळचा झालाय, पण ग्राउंडशीटवर झोपल्यावर हे दोन अर्थ मला कधी वेगळे करता आले नाहीत. या कोरड्या सरावात मी मुद्दाम मागून हाक मारते. नव्या माणसानं वळायचं नाही, समोर बघूनच ‘काय?’ म्हणायचं. पहिल्या दोन हाकांना जवळजवळ सगळे वळतात. पाचव्या-सहाव्या हाकेपर्यंत जमायला लागतं.

आणि आता ते ‘टक्’. पॉइंट टू टूच्या काडतुसाला मोठ्या काडतुसासारखा मधोमध वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूनं भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि पिन नेमकी रित्या जागी बसली, तर गोळी सुटत नाही. हे तुमच्यामुळे झालेलं नसतं, आणि या काडतुसाला असं अधूनमधून होतंच. पण कधी कधी मसाला विझलेला नसतो, तो उशिरा पेट घेतो. त्याला हँगफायर म्हणतात. अशा वेळी ‘काय झालं’ म्हणून बोल्ट उघडला तर काडतूस तोंडाजवळ फुटू शकतं, आणि नळी वळवली तर गोळी तिकडे जाते. म्हणून टक् वाजलं की रायफल होती तशीच बटकडे रोखलेली ठेवायची, बोट बाहेर घ्यायचं, मनात 30 आकडे सावकाश मोजायचे. रायफल न धरलेला हात वर करायचा आणि समोर बघतच बोलायचं. पुढचं प्रशिक्षक बघतो. तो तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडतो आणि ते काडतूस वेगळ्या डब्यात टाकतो.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. नेहमीच्या ‘ठो’ऐवजी दबका ‘फुस्स’ आवाज आला आणि टार्गेटवर भोक दिसलं नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर पुढची मारली तर नळी फाटते. कुठला आवाज बरोबर आणि कुठला वेगळा, हे नव्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून जरा जरी शंका आली तरी थांबा, हात वर करा, विचारा. दहा वेळा विचारलंत तरी चालेल.

मध्येच हात थरथरायला लागले, घाम डोळ्यात आला, पुढे नको वाटलं तर तेही करता येतं. बोट बाहेर, रायफल बटकडेच, हात वर, ‘मला थांबायचंय’. प्रशिक्षक रायफल रिकामी करून घेईल. उरलेल्या गोळ्या मारल्याच पाहिजेत असं काही नसतं. मी त्या पहिल्या दिवशी पाचांपैकी तीनच मारल्या होत्या. टक् वाजलेली उस्तादांनी काढून घेतली, एक तशीच परत केली. तेव्हा कुणीही मला काही म्हणालं नाही, आणि म्हणूनच मी दुसऱ्या वर्षी पुन्हा त्या रेंजवर गेले.

उठताना रायफल तुमच्याबरोबर उठत नाही, हे लक्षात ठेवा. ‘खाली कर’चा, म्हणजे रायफल रिकामी करायचा, हुकूम आला की मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे, चेंबर तपासून घ्यायचं, फ्लॅग घालायचा, रायफल ग्राउंडशीटवर ठेवायची आणि मग उठायचं. एनसीसीत त्यानंतर रिकामी खोकी मोजून द्यावी लागतात आणि ‘मेरे पास कोई राउंड या खाली खोखा नहीं है’ असं मोठ्यानं सांगावं लागतं. आठवण म्हणून एखादं खोकं खिशात टाकायचा मोह होतो. टाकू नका. हिशोब जुळेपर्यंत सगळ्यांना उन्हात उभं राहावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली होती, फटाक्याच्या आवाजानंही दचकणारी. दोन रविवार नुसती बघत बसली. तिसऱ्या रविवारी चार गोळ्या मारल्या आणि पाचवीला टक् वाजलं. मी तिच्या उजव्या खांद्यामागे उकिडवी बसले होते. तिचा उजवा हात हळूच वर आला. नळी जागची हलली नाही. मफमुळे तिचा आवाज जरा मोठाच निघाला, “ताई, सुटली नाही. मी मोजतेय. नऊ, दहा, अकरा...”

तिचे 30 झाल्यावर मी बोल्ट उघडला. नंतर आम्ही दोघींनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कारण गोळीतलं शिसं बोटांवर बसलेलं असतं, आणि मगच जेवणाचे डबे उघडले.