रोजच्या राबत्या कामासाठी न दुमडणारा चाकू निवडताना

दुमडणाऱ्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये एक सांधा असतो, आणि कामाचा ताण वाढला की सर्वांत आधी तोच सैल होतो. ज्या चाकूचे पाते मुठीत कायमचे बसवलेले असते त्यात ही कमकुवत जागाच नसते, सांध्यात कचरा अडकण्याचा प्रश्न येत नाही आणि काम संपल्यावर तो धुऊन पुसणेही सोपे जाते. त्यामुळे रोज दोर कापणे, खोकी उघडणे, फांद्या तासणे, खुंट्यांना टोक काढणे, पाइपावरील आवरण सोलणे अशी कामे ज्यांना करावी लागतात त्यांनी असाच चाकू घ्यावा, हे बहुतेकांना पटलेले असते. अडचण त्यापुढे सुरू होते, कारण स्वस्त चाकूंच्या जाहिराती पात्याची जाडी, लांबी आणि पोलादाचे नाव या तीनच गोष्टींचा गाजावाजा करतात आणि घेणाराही त्याच पाहून पैसे मोजतो. माझ्या मते क्रम वेगळा असायला हवा: आधी धारेमागची जाडी पाहावी, मग पात्याला पाणी कसे दिले आहे (म्हणजे तापवून आणि थंड करून ते कसे कठीण केले आहे) ते, मग मूठ, आणि पोलादाचे नाव त्यानंतर.

जाडीबद्दलचा गैरसमज सर्वांत खोल आहे. पात्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ३ मिलिमीटरच्या पात्याऐवजी ६ मिलिमीटरचे पाते घेतले तर ते सुमारे आठपट ताठ होते. आकडा मोठा वाटतो, पण रोजच्या कामात पाते वाकण्याची वेळ क्वचितच येते. उलट ज्या वस्तूत पाते शिरते ती वस्तू पाते रुंद होईल तसतशी बाजूला सारावी लागते, आणि जाड पाते तेथे कापण्याऐवजी पाचरीसारखे वागू लागते. मी घेतलेला पहिला असा चाकू पाठीवर ६ मिलिमीटर जाड होता. लाकूड फोडायला तो उत्तम होता, परंतु जाड पुठ्ठा कापताना प्रत्येक वेळी पाते निम्म्यात अडकायचे आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून यायचे. तो वाईट चाकू होता असे मी म्हणणार नाही. ती बिनदांड्याची कुऱ्हाड होती, आणि मला चाकू हवा होता.

सर्वसाधारण कामासाठी पाठीवरची जाडी अडीच ते चार मिलिमीटरच्या दरम्यान असावी. त्याहूनही महत्त्वाची असते ती धारेच्या अगदी मागची, म्हणजे जेथे धारेचा उतार सुरू होतो तेथील जाडी. ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू सहज कापतो आणि बऱ्यापैकी राबही सोसतो. एक मिलिमीटरच्या वर गेली की कितीही धार लावली तरी चाकू बोथट असल्यासारखा वाटतो. पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत गेलेले पाते ही अशा कामासाठी सर्वांत निर्धोक निवड आहे. उत्तर युरोपातील साध्या कामकरी चाकूंमध्ये पात्याच्या खालच्या भागात एकच रुंद सपाट उतार असतो आणि तो थेट धारेला जाऊन मिळतो. अशी घडण लाकूडकामाला अतिशय चांगली असते आणि धार लावताना तो रुंद उतारच दगडावर टेकवायचा असल्यामुळे नवशिक्याचाही कोन चुकत नाही. स्वीडनमधील मोरा येथील कम्पॅनियन हा चाकू याचे सर्वपरिचित उदाहरण असून त्याच्या साध्या स्टेनलेस प्रकाराचे पाते जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असते. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पाती धारेला फार तीक्ष्ण असली तरी पातळ धारेवर आडवा जोर पडला की खाच पडण्याची भीती असते, त्यामुळे धसमुसळ्या कामासाठी ती टाळलेली बरी.

आता पाण्याविषयी. पोलाद तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. नंतर त्याला पुन्हा मंद उष्णता देऊन थोडा कठीणपणा सोडायचा आणि चिवटपणा मिळवायचा, हे या कामातले खरे कसब आहे. हा कठीणपणा रॉकवेल सी मापाने मोजतात आणि राबत्या चाकूसाठी तो ५६ ते ५९ च्या दरम्यान असणे योग्य ठरते. त्याहून बराच कमी असेल तर धार लवकर वळते, फार जास्त असेल तर ती तुटून खाचा पडतात. दोन्हींपैकी एक दोष पत्करायचाच असेल तर वळलेली धार पत्करावी, कारण ती दगडावर चार हात मारून सरळ होते, पण खाच घालवायला पाते झिजवावे लागते. साधे पोलाद चांगले पाणी दिलेले असेल तर ते नामांकित पण हलगर्जीपणे पाणी दिलेल्या पोलादापेक्षा नेहमी उजवे ठरते. ज्या उत्पादकाने पोलादाचे नाव आणि कठीणपणाचा आकडा दोन्ही छापलेले असतात, त्याच्यावर विश्वास ठेवायला निदान आधार तरी असतो.

पोलादाची नावे वाचताना थोडी सावधगिरी हवी. नुसते ‘स्टेनलेस स्टील’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ असे लिहिलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘४४०’ असे लिहून पुढचे अक्षर गाळलेले असेल तेव्हाही संशय घ्यावा, कारण ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के असतो तर ४४०सी मध्ये तो ०.९५ ते १.२० टक्क्यांपर्यंत जातो, आणि ज्याच्याकडे वरच्या दर्जाचे पोलाद आहे तो ते अक्षर सहसा विसरत नाही. साध्या कार्बन पोलादांपैकी १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार झटपट लागते आणि ते घाव चांगले सोसते, मात्र ओले ठेवले तर रात्रीत गंजते. घाम, पाऊस किंवा खारी हवा यांच्याशी रोजचा संबंध असेल तर स्टेनलेसच घ्यावे. त्यात १२सी२७ आणि १४सी२८एन ही पोलादे बेताच्या किमतीच्या चाकूंत मिळतात, चिवट असतात आणि साध्या दगडावर धार घेतात. ४२०एचसी धार थोडी कमी काळ टिकवते, पण नीट पाणी दिलेले असेल तर कामाला मुळीच वाईट नाही. डी२ हे पोलाद हल्ली स्वस्त चाकूंतही दिसू लागले आहे. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असल्यामुळे धार पुष्कळ टिकते, परंतु तिच्यावर आपटाआपटी झाली तर खाचा पडतात, साधा दगड त्यावर घसरत राहतो आणि ते पुरते गंजरोधकही नसते. जो दिवसभर फक्त पुठ्ठा कापतो त्याने ते जरूर घ्यावे, जो गाठाळ लाकडाशी झुंजतो त्याने घेऊ नये.

पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला टँग म्हणतात. तो मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचा असेल तर चाकू सर्वांत मजबूत, हे खरे असले तरी अरुंद टँगचा चाकू कुचकामी असतो हा निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ मध्ये स्वीकारलेल्या चामडी मुठीच्या चाकूचा टँग अरुंदच होता आणि त्याने युद्धातला राब सोसला. पाहायचे ते इतकेच की पाते जेथे अरुंद होऊन मुठीत शिरते तेथे काटकोनी खाच नसून गोलाई असावी, कारण चीर तशा काटकोनातूनच सुरू होते. मुठीत झाकलेला हा भाग घेणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे चाकूच्या पाठीवर ठोकून लाकूड फोडण्याचे काम नेहमीचे असेल तर पोलाद सगळीकडून दिसणारी पूर्ण टँगचीच मूठ घ्यावी.

मूठ हातात घट्ट धरून पाच मिनिटे एखादी काठी तासून पाहता आली तर निम्मा निर्णय तेथेच होतो. बोटांसाठी खोल खोबणी कोरलेली मूठ दुकानात फार छान वाटते, पण ती एकाच तळहाताला आणि एकाच पकडीला जुळते. पकड बदलली की तेच उंचवटे हाताला फोड आणतात. साधी, किंचित फुगीर, कडा गोल केलेली आणि हाताच्या रुंदीपेक्षा थोडी लांब मूठ दीर्घकाळ सुखाची ठरते. हात पात्यावर सरकू नये म्हणून पुढे छोटासा उंचवटा असावा. मूठ आणि धार यांच्यामध्ये बिनधारेचा लांब पट्टा सोडलेला असेल तर मात्र जोर लावण्याची सर्वांत चांगली जागा वाया जाते. रबर ओल्या हातात पकड देते, नायलॉन स्वस्त आणि टिकाऊ असते, मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेले कापडाचे किंवा कागदाचे थर) उत्तम पण महाग असते. पात्याची लांबी १० ते १२ सेंटिमीटर पुरे होते. त्याहून लांब पाते बारीक कामात आडवे येते आणि अनेक ठिकाणच्या कायद्यात लांबीची मर्यादा असते, म्हणून चाकू बाहेर बाळगायचा असेल तर आपल्याकडचा नियम आधी वाचावा.

म्यानाकडे दुर्लक्ष होते, पण स्वस्त चाकूत काटकसर बहुधा तेथेच केलेली असते. चाकू म्यानात घालून मऊ जमिनीवर, पायांपासून दूर, उलटा धरून हलवून पाहावा. तो सुटता कामा नये. पाणी निथळण्यासाठी तळाशी छिद्र असावे. चामडे ओलावा धरून ठेवते, त्यामुळे कार्बन पोलादाचा चाकू त्यात महिनोन्‌महिने ठेवून देऊ नये.

हातात घेतल्यावर पाते दिव्याखाली धरून धार डोळ्यांसमोर आणावी. तीक्ष्ण धारेवरून प्रकाश परावर्तित होत नाही. जेथे ठिपका चमकतो तेथे ती बोथट किंवा वळलेली असते. टोकाकडून पाहताना धार सरळ रेषेत आहे का, दोन्ही बाजूंचे उतार सारख्या उंचीवर संपतात का, मूठ आणि पाते यांच्यामध्ये फट आहे का, हे तपासावे. पात्यावर जाड काळा लेप असेल तर त्याखालची ओबडधोबड घासणी दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

ठरवलेल्या रकमेतून दगडाचे पैसे आधीच बाजूला काढावेत. एक बाजू ४०० आणि दुसरी १००० प्रतीची (आकडा मोठा तितके कण बारीक) असलेला दगड आणि चामड्याची एक पट्टी एवढ्यावर अनेक वर्षे भागते. बाजूगणिक २० अंशांचा कोन हवा असेल आणि पाते २५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर वर धरावी. १५ अंशांसाठी साडेसहा पुरतात. एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कड लागू लागली की बाजू बदलावी आणि उरलेली कड शेवटी पट्टीवर उतरवावी. कारखान्यातली पहिली धार यंत्राच्या पट्ट्यावर अनेकदा जास्त तापलेली असते, म्हणून दोन-तीन वेळा धार लावून होईपर्यंत पोलादाला नावे ठेवू नयेत. त्यानंतरही गाठीवर खाचा पडत राहिल्या तर कोन दोन अंशांनी वाढवावा, आणि धार तीक्ष्ण असूनही पाते कापताना अडकत असेल तर धारेच्या वरचा खांदा, म्हणजे धारेचा उतार सुरू होतो तेथील कड, दगडाच्या ४०० प्रतीच्या बाजूवर थोडाथोडा झिजवून पाते तेथे पातळ करावे.