सज्जन नायकाची कादंबरी वाचताना या चुका टाळा

दस्तयेव्स्कीची ‘इडियट’ पन्नास-साठ पानांवर सोडून दिलेले वाचक नेहमी भेटतात. तक्रार ठरलेली: “इतका भोळा माणूस कुठे असतो का?”

पहिली चूक इथेच होते. कादंबरीचा नायक प्रिन्स मिश्किन भोळा नाही. केलर नावाचा दारुडा निवृत्त अधिकारी त्याच्याकडे येऊन आपल्या पापांची कबुली देतो, तेव्हा मिश्किन शांतपणे विचारतो, पैसे उसने मागायचे होते ना? केलर ओशाळतो. पण मिश्किन त्याला खोटारडा ठरवत नाही. पश्चात्ताप खरा आणि पैशाची गरजही खरी, दोन्ही विचार एकदमच आले, माझंही असंच होतं, असं तो सांगतो. त्याचा मोठेपणा बघायचा तो इथे, आणि त्यासाठी घाई न करता वाचायला हवं.

दुसरी चूक म्हणजे पैशांचे तपशील गाळणं. कादंबरीची नायिका नास्तास्या फिलिपोव्ना हिच्याशी लग्न करायला गान्या नावाच्या तरुणाला 75 हजार रुबल मिळणार असतात. पुढे तिच्या वाढदिवसाच्या बैठकीत, तिला मिळवायला रोगोझिनने आणलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक लाख ती शेकोटीत टाकते. हे आकडे डोक्यात नसतील, तर त्याच बैठकीत मिश्किन तिला लग्नाची मागणी घालतो त्याचं वजन कळणार नाही.

नावांत गोंधळ होत असेल तर पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर यादी करा. मिश्किन आणि लेव निकोलायेविच एकच.

चांगुलपणा म्हणजे मोठा पराक्रम, ही समजूतही आड येते. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (1871-72) नायिका डोरोथिया रात्रभर जमिनीवर पडून रडते. सकाळी खिडकीतून तिला रस्त्यावर पाठीवर गाठोडं घेतलेला माणूस आणि कडेवर मूल घेतलेली बाई दिसते. ज्या रोझामंड नावाच्या बाईमुळे तिचं मन मोडलं, तिच्याच मदतीला ती त्याच दिवशी जाते. बाहेरून पाहिलं तर नुसती एक भेट! मला मात्र कादंबरीतलं सगळ्यात धीराचं काम हेच वाटतं.

आणि निकालावरून माणूस तोलू नका. शेवट आधी कळायला नको असेल तर इथेच थांबा. ‘इडियट’च्या अखेरीस खून झालेला असतो, खुनी रोगोझिन तापात बरळत असतो. मिश्किनला आता माणसंही ओळखू येत नाहीत. तरी रोगोझिन ओरडला की त्याचा थरथरता हात रोगोझिनच्या केसांवरून, गालांवरून फिरतो.