मणक्याचा एमआरआय रिपोर्ट कसा वाचावा: गॅप, गादी, नस आणि बाकीचे शब्द

लिफाफा उघडण्याआधी एक काम करा. वहीच्या पानावर दुखणं लिहून काढा. नुसतं 'कंबर दुखस, पायमा मुंग्या येतस' एवढ्यावर भागत नाही. कोणता पाय, कळ गुडघ्याच्या वर थांबते की खाली उतरते, मुंग्या अंगठ्याकडे की करंगळीकडे, किती मिनिटं चाललं की बसावं लागतं, हे सगळं हवं. केळीचा घड उचलताना चमक भरली की कपाशी वेचताना वाकून वाकून हळूहळू सुरू झालं, तेही लिहा. रिपोर्टमधल्या शब्दाला वजन येतं ते या पानाशी जुळल्यावरच. जुळला नाही, तर तो शब्द कितीही भयंकर दिसला तरी तुमच्या दुखण्याचं कारण दुसरीकडे असू शकतं.

आधी पत्ता शोधा

मानेचे मणके ७, त्यांना सी. पाठीचे १२, त्यांना आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये बहुधा डी लिहितात, कुठे टी, दोन्ही एकच. कमरेचे ५, त्यांना एल. त्याखाली माकडहाडाच्या वरचं जोडलेलं हाड, ते एस. 'एल४-एल५' म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी. कमरेचा त्रास बहुतेक वेळा याच गादीत किंवा तिच्या खालच्या एल५-एस१ मध्ये असतो, कारण वाकण्याचा आणि ओझ्याचा भार तिथेच जास्त येतो.

काहींचा पाचवा मणका खालच्या हाडाला चिकटलेला असतो. रिपोर्टमध्ये त्याला 'सॅक्रलायझेशन' म्हणतात. त्रास सहसा होत नाही, पण मोजणी एकाने सरकते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर मणके कुठून मोजले, हे सर्जनला जरूर विचारा.

गादीचं काय झालंय

'मणक्यात गॅप पडलाय' हे वाक्य नंदुरबारपासून रावेरपर्यंत कुठेही ऐकू येईल. रिपोर्टमध्ये मात्र तसा शब्द नसतो, आणि घडलेलं असतं उलटंच: गादी वाळून तिची उंची घटते आणि दोन मणक्यांमधली जागा कमी होते. या वाळण्याला 'डेसिकेशन' म्हणतात. एमआरआयवर अशी गादी पांढुरकी न दिसता काळी दिसते.

गादी म्हणजे बाहेर चिवट कडं आणि आत मऊ गर. पुढचे चार शब्द या गराचा प्रवास सांगतात. 'बल्ज' म्हणजे कडं न फाटता गादीच्या घेराचा पाव भागापेक्षा जास्त हिस्सा थोडा बाहेर आलेला. 'प्रोट्रूजन' म्हणजे एकाच जागी आलेला फुगवटा, बुडाशी रुंद. 'एक्स्ट्रूजन'मध्ये गर कडं फाडून बाहेर येतो आणि फुगवटा बुडापेक्षा पुढे रुंद होतो. 'सिक्वेस्ट्रेशन' म्हणजे तुकडा तुटून वेगळा पडलेला. शेवटचे दोन शब्द वाचून घरात रडारड होते, पण बाहेर पडलेला असा गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं, आणि साध्या बल्जपेक्षा मोठे तुकडे जास्त प्रमाणात विरतात. पायात उतरणारी कळ अनेकांची ६ ते १२ आठवड्यांत बरीच ओसरते.

'स्पॉन्डिलोलिस्थेसिस' वेगळा आहे. यात गादी नव्हे, अख्खा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकतो. २५ टक्क्यांपर्यंत सरकला तर ग्रेड १, ५० पर्यंत ग्रेड २. तो वाकताना आणखी हलतो का, हे पाहायला पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात.

कोणती नस, कोणत्या बाजूची

इथे घाई करू नका. रिपोर्टचा खरा उपयोग इथेच आहे. 'सेंट्रल' म्हणजे मधोमध, 'पॅरासेंट्रल' मध्याच्या जरा बाजूला, 'फोरॅमिनल' म्हणजे नस जिथून बाहेर पडते त्या खिडकीत. एल४-एल५ ची गादी पॅरासेंट्रल आली तर सहसा खाली जाणारी एल५ नस दबते. तीच गादी फोरॅमिनल आली तर तिथून बाहेर पडणारी एल४ दबते. गादी एकच, त्रास वेगळा.

आता वहीचं पान काढा. एल५ दबली तर पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे बधिरपणा येतो, टाचांवर चालणं आणि अंगठा वर उचलणं जड जातं. एस१ दबली तर पावलाची बाहेरची कड आणि करंगळी बधिर होते, चवड्यांवर चालता येत नाही. भिंतीला हात धरून दोन्ही चालून बघा. मानेत सी५-सी६ ची गादी सहसा सी६ नस दाबते, मुंग्या हाताच्या अंगठ्यात. सी६-सी७ ची सी७ दाबते, मधल्या बोटात. रिपोर्टमध्ये उजवी नस आणि कळ डाव्या पायात असेल, तर डॉक्टरांसमोर हे पहिलं वाक्य म्हणून सांगा.

'थीकल सॅक इंडेंटेशन' म्हणजे नसांच्या पिशवीला गादी टेकलेली. नुसतं टेकणं म्हणजे नस चेपणं नव्हे. 'स्टेनोसिस' म्हणजे नसांची नळी अरुंद होणं. कमरेत पुढून मागे मोजलेली रुंदी १० मिलिमीटरच्या खाली गेली की ती बरीच अरुंद धरतात. असा माणूस चालताना थांबतो, पुढे वाकून बसला की त्याला बरं वाटतं.

कमी घाबरायचे शब्द

'श्मॉर्ल्स नोड' म्हणजे गादीचा गर मणक्याच्या हाडात शिरून झालेला खळगा, मणक्यातला साधा 'हिमँजिओमा' म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, 'ऑस्टिओफाइट' म्हणजे हाडाच्या कडेची वाढ, 'लॉर्डोसिस कमी' म्हणजे कमरेचा बाक सरळ झालेला, जो स्नायू आखडल्यानेही होतो. हे बहुधा वयाचे, निरुपद्रवी किंवा तात्पुरते असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या: विशीत सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीत ६० टक्के लोकांत बल्ज होता, दुखत काहीच नव्हतं. पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये बल्ज लिहिलेला नसेल तर ते जास्त नवल.

कायरोप्रॅक्टिकचे शब्द

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करण्याची पद्धत. ती डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिच्या भाषेत 'सबलक्सेशन' म्हणजे मणक्याची बिघडलेली हालचाल किंवा ठेवण. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या भाषेत तोच शब्द म्हणजे सांधा अर्धवट निखळणं, जे एक्स-रेवर दिसतं. त्यामुळे हा शब्द कुणी लिहिला, ते आधी बघा. 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणजे सांध्याला दिलेला झटपट छोटा हिसका. त्यातला 'कट' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने येतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. मोबाइलवरच्या रील्समध्ये मात्र तोच आवाज विकला जातो.

हाडं ठिसूळ (हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली), मणक्याचा टीबी किंवा कर्करोग, नुकतंच फ्रॅक्चर, मज्जारज्जूवर दाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: यांपैकी काही असेल तर हिसका घेऊ नका, मग तो क्लिनिकमधला असो वा गावच्या हाडवैद्याचा. मानेच्या जोरदार हिसक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणं आहेत. विरळ, पण आहेत. आधी एमआरआय दाखवा आणि समोरच्याची पदवी नक्की काय आहे ते विचारा.

हे दिसलं तर थांबू नका

'कॉर्ड सिग्नल चेंज' किंवा 'मायलोमॅलेशिया' म्हणजे मज्जारज्जूलाच इजा. हातातून वस्तू निसटणं, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. 'स्पॉन्डिलोडिस्कायटिस' (मणका आणि गादीतला जंतुसंसर्ग) किंवा कण्याशेजारच्या स्नायूत पू झाल्याचा 'सोअस अ‍ॅब्सेस' लिहिलं असेल आणि संध्याकाळचा ताप, घटतं वजन, रात्रीची कळ असेल, तर टीबीची तपासणी लगेच करा. 'कॉडा इक्वायना' (कमरेखाली जाणाऱ्या नसांचा जुडगा) हा शब्द दिसो न दिसो, लघवी अडली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय गळाले तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. धुळे, जळगाव किंवा नंदुरबार, जे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तिथल्या अपघात विभागात रात्रीच जा. फक्त कागदी रिपोर्ट नेऊ नका, फिल्म आणि सीडीही बरोबर घ्या, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली ते दारातच सांगा.