अ‍ॅम्पला स्पीकर जोडताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या स्पीकर-जोडीतला उजवा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जळाला, तेव्हा मी चक्रावून गेलो होतो. अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) २० वॅटचा, स्पीकरच्या पाठीवर १०० वॅट छापलेले. एवढ्याशा अ‍ॅम्पने एवढा दणकट स्पीकर जळेल कसा? दुरुस्ती करणाऱ्यांनी ट्वीटर सुटा करून दाखवला. केसाएवढी बारीक तार आणि तिचे वेढे करपून काळे पडलेले. "आवाज फाटत असतानाही नॉब पुढेच नेत होतात का?" त्यांनी विचारलं. नेत होतो.

वॅटला वॅट जुळवणे

स्पीकरवरचे वॅट म्हणजे त्याची सहनशक्ती. तो किती मोठ्याने वाजेल, ते त्यावरून कळत नाही. ही सहनशक्तीसुद्धा स्वच्छ संगीत गृहीत धरून सांगितलेली असते. अशा संगीतात बरीचशी ताकद खालच्या आणि मधल्या सुरांत असते, ट्वीटरच्या वाट्याला थोडेच वॅट येतात. छोटा अ‍ॅम्प कुवतीपलीकडे ताणला की तरंगाचे माथे छाटले जातात. हेच क्लिपिंग. छाटलेल्या तरंगातून वरच्या पट्टीत नको ती ताकद तयार होते, आणि नॉब पुढे सरकत राहिला की मूळ संगीतातले बारीक आवाजही फुगत जातात. तो सगळा भार ट्वीटरवर पडतो. त्यामुळे अ‍ॅम्प थोडा वरचढ असला तरी घाबरू नका. आवाज फाटायला लागला की मात्र लगेच नॉब मागे घ्या.

खरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. ठरावीक विद्युतदाब दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते यातून कळतं. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर अ‍ॅम्पला दुप्पट ताकद लावावी लागते. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. बीबीसीचा गाजलेला छोटा मॉनिटर (स्टुडिओतला स्पीकर) एलएस३/५ए जेमतेम ८३ डेसिबलच्या आसपासचा. त्याला २० वॅट दिले तर १ मीटरवर कमाल ९६ डेसिबल मिळतात. हा मोठा आकडा वाटतो, पण तो क्षणिक उसळीचा आहे. चांगल्या ध्वनिमुद्रणात उसळ्या सरासरीपेक्षा सहज १५ डेसिबल वर जातात, आणि ऐकणारा १ मीटरवर बसत नाही. निवांत ऐकायला हे पुरतं, मोठ्या वाद्यवृंदाला पुरत नाही.

इथे एक मेख आहे. हा आकडा बहुतेकदा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) त्यातून १ वॅट मिळतो, तर ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा वाचताना त्यातून ३ डेसिबल मनातल्या मनात वजा करा, मगच तुलना करा.

'८ ओहम' वाचून निर्धास्त होणे

हा आकडा नाममात्र असतो. खरा इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, प्रत्येक सुराला वेगळा असतो, कुठे २० ओहमच्या वर चढतो, कुठे खोल उतरतो. मानकानुसार नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा तळ ६.४ ओहमला हवा. प्रत्यक्षात ८ ओहम लिहिलेले कित्येक स्पीकर ४ ओहमपर्यंत किंवा त्याहून खाली उतरतात. इम्पीडन्स उतरला की अ‍ॅम्पकडून जास्त करंट ओढला जातो, आणि अ‍ॅम्प तापतो. म्हणून माहितीपत्रकात किमान इम्पीडन्स शोधा. मल्टिमीटरवर ८ ओहमच्या जागी ६ दिसले तर स्पीकर बिघडला असं समजू नका. मीटर फक्त डीसी रोध मोजतो, आणि तो कमीच दिसतो.

अ‍ॅम्प किती करंट देऊ शकतो, याचा अंदाज घ्यायला ८ आणि ४ ओहमचे वॅट शेजारी ठेवून पाहा. ४ ओहमला आकडा दुपटीच्या जवळ जात असेल तर पॉवर सप्लाय भक्कम आहे. वॅट कसे मोजलेत तेही वाचा. दोन्ही चॅनेल चालू ठेवून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ मोजलेले ४० वॅट आणि एकच चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृतीवर (आवाज तेवढा बिघडू देऊन) मोजलेले ४० वॅट, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पीएमपीओ हा जाहिरातीतला फुगवलेला आकडा तर वाचूच नका. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० हा अ‍ॅम्प कागदावर अवघा २० वॅटचा होता, पण अवघड स्पीकरसुद्धा तो नीट चालवायचा.

ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्या एकदम लावण्याची हौस असेल तर थांबा. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये त्या समांतर जोडल्या जातात, म्हणजे ८ ओहमच्या दोन जोड्या मिळून अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात.

बिघाड शोधताना

जरा आवाज वाढवला की अ‍ॅम्प स्वतःहून बंद पडतो? अ‍ॅम्पचा प्लग काढून आधी टॉर्च घेऊन मागचे टर्मिनल बघा. पिळलेल्या तारेतला एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. धागे ठीक असतील तर इम्पीडन्सकडे वळा, आणि अ‍ॅम्पवर काही ठेवून हवा कोंडली नाही ना, तेही पाहा.

बास गायब आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरलेला असेल, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत. खूणच नसलेल्या तारेसाठी जुना उपाय आहे. तार अ‍ॅम्पपासून सोडवा आणि तिची दोन टोकं १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन बाहेर आला, तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लसचं.

एकच बाजू मुकी असेल तर अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा, अर्थात अ‍ॅम्प बंद करून. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्याही आधी आहे. तिथेच राहिला तर तार किंवा स्पीकर. बास घुमत असेल तर नवा अ‍ॅम्प शोधायच्या आधी स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यातून पुढे ओढा, पाठीमागे पोर्ट (हवा ये-जा करायचं भोक) असलेला तर नक्कीच. तारेवर फार खर्च नको. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार ५ मीटरपर्यंत पुरते.

एकाच नॉबवर दोन स्पीकर तोलणे

दोन जोड्या ऐकताना नॉब तसाच ठेवला, तर जास्त सेन्सिटिव्हिटी असलेली जोडी मोठ्याने वाजते, आणि कानाला मोठा आवाज हमखास सरस वाटतो. मीही याच कारणाने एकदा चुकीची जोडी घरी आणली. आता मी ऐकायच्या जागी फोन ठेवतो, ध्वनिमापक अ‍ॅप चालू करतो, सतत सारखा वाजणारा पिंक नॉइज लावतो आणि दोन्ही जोड्या एकाच डेसिबलवर आणतो. मग अ‍ॅप बंद करतो आणि तोंडपाठ असलेलं एकच गाणं दोन्हींवर ऐकतो, शक्यतो माझ्याच अ‍ॅम्पवर.